'सर्रह' : म्हणाले, जाहीर केले की परवानगी दिली?

मस्कतकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण आता माझीच विकेट पडल्यामुळे धागा काढतोय.

मस्कतला नऊ वर्षं झाली. लॉकडाऊनमध्ये अरबी वाचायला शिकलो. इथल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटावर दर शुक्रवारी पाच-सहा स्थानिक बातम्या मराठीत टाकतो. हौसेचं काम. मागच्या शुक्रवारी एका बातमीची सुरुवात होती 'सर्रह अल-वज़ीर', म्हणजे मंत्र्याने 'सर्रह' केलं. मी लिहिलं, 'कुटुंबीयांच्या व्हिसाचे शुल्क बदलण्याचे मंत्र्यांनी जाहीर केले.' संध्याकाळपर्यंत फोन थांबेनात. एकाने आईचं तिकीट रद्द करायला घेतलं होतं. मूळ बातमीत मंत्री एवढंच म्हणाले होते की विषय अभ्यासाधीन आहे!

ऑफिसातला इजिप्शियन सहकारी हसून म्हणाला, "हा तस्रीह होता, इअ्लान (घोषणा) नव्हता." बरं, हे पाठ करून दुसऱ्या दिवशी साइटवर गेलो तर गेटवरचा माणूस विचारतो, "तस्रीह?" त्याला पास हवा होता, मंत्र्याचं वक्तव्य नव्हे.

तर प्रश्न दोन. बातमीतल्या 'सर्रह'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? आणि बोलणं व परवानगी या दोन्हींना एकच शब्द कसा?

कुजकट

आमच्या घरी पण एकच आहे. हिने काही म्हटलं की तीच परवानगी.

थालीपीठ

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

शब्दखोदू

छान विषय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

मूळ धातू तीन व्यंजनांचा : स्वाद (अरबीतला जाड स), रे आणि घशातला ह. अर्थ शुद्ध, निर्भेळ, उघड. जुन्या अरबी कोशांत फेस बसून गेलेल्या निव्वळ दुधाला 'सरीह' म्हटलं आहे. वरचा फेस गेला की खाली जे दिसतं ते सरीह. त्यावरून स्पष्टवक्ता माणूसही सरीह, आणि 'बि-सराहा' म्हणजे स्पष्टच सांगायचं तर.

आता मधलं अक्षर दुप्पट केलं की 'सर्रह' : उघड करणे, स्पष्ट शब्दांत सांगणे. त्याचं नाम तस्रीह. एखाद्याला एखाद्या गोष्टीसाठी स्पष्ट शब्दांत 'हो' म्हणणं म्हणजेच परवानगी. म्हणून 'सर्रह बि-' म्हणजे अमुक गोष्ट सांगितली, आणि 'सर्रह लहू बि-' म्हणजे त्याला अमुक करायची मुभा दिली (संदर्भाने त्याला अमुक सांगितलं असाही होतो, तिथे सांभाळा). 'मुसर्रह लहुम' म्हणजे ज्यांना मुभा आहे ते. तुमच्या गेटवर बहुधा 'ममनूअ अद्दुखूल लि-ग़ैर अल-मुसर्रह लहुम' अशी पाटी असेल. पासधारकांखेरीज इतरांना प्रवेश मना. त्यातला ममनूअ आणि आपलं मना, मनाई हे एकाच घरचे.

हा साचा मराठी माणसाला नवा नाही. तपशील, तहसील, तालीम, तजवीज, तबदील, तारीख, तकलीफ ही सगळी तस्रीहची चुलत भावंडं, 'तफ़ईल' या एकाच साच्यातून निघालेली. मुसर्रहच्या साच्यातला तर मुकादम आहे (मूळ मुक़द्दम, पुढे केलेला) आणि मुरब्बासुद्धा.

थालीपीठ

मुरब्बा?! आता बरणीकडे बघताना व्याकरण दिसणार.

आंबोळी

काय रे बाबानू, हयसर अरबीचो क्लास कधीपासून सुरू झालो? आणि फी किती?

बोरूबहाद्दर

बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली आहेत, तेव्हा पहिल्या प्रश्नाबद्दल बोलायचा हक्क सांगतो. सरळ 'म्हणाले' लिहा. आमच्याकडे नवीन पोरं आली की प्रत्येक नेता 'प्रतिपादन' करायचा, नाहीतर 'नमूद' करायचा, 'अधोरेखित' करायचा. एकदा एका आमदाराने पाऊस बरा झाला असं 'ठणकावून' सांगितलं होतं. मी सगळ्याला काट मारून 'म्हणाले' करायचो. कुणाचं काही अडलं नाही.

शब्दखोदू

@बोरूबहाद्दर, मराठीपुरतं मान्य, पण अरबी बातमीत ही क्रियापदं फुकट वापरलेली नसतात. 'क़ाल' म्हणजे नुसतं म्हणाला. 'सर्रह' म्हणजे जबाबदार माणूस पत्रकारांसमोर उघडपणे, स्वतःच्या नावाने बोलला. 'अअ्लन' म्हणजे घोषणा केली, आता गोष्ट ठरली. 'अक्कद' म्हणजे ठासून सांगितलं, 'औदह' म्हणजे खुलासा केला, 'नफ़ा' म्हणजे इन्कार केला. आणि 'ज़अम' म्हणजे म्हणतो बापडा, आमचा विश्वास नाही. एकाच माणसाच्या एकाच वाक्याला एका पेपरात 'सर्रह' आणि दुसऱ्यात 'ज़अम' लागलं की पेपर कुणाच्या बाजूचा ते कळतं. सगळ्यांचं 'म्हणाले' केलंत तर अर्धी बातमी डेस्कवरच राहिली.

बोरूबहाद्दर

बातमीदाराने बाजू घ्यायचीच कशाला? पण ठीक, भाषांतरात मूळ माणसाची बाजू दिसायला हवी, हे मान्य करतो. अर्धा गुण.

नर्सबाई

मी रियाधला अकरा वर्षं होते. आमच्या बोलण्यात तस्रीह म्हणजे फक्त आणि फक्त परवाना. दवाखान्यातल्या मुस्लिम मैत्रिणी मदिनेला जायच्या आधी मोबाइलवर नुसुक ॲप उघडून बसायच्या, रौज़ाची (तिथल्या पैग़ंबरांच्या मशिदीतल्या पवित्र जागेची) तस्रीह मिळते का बघायला. हजच्या दिवसांत सगळीकडे एकच घोषवाक्य : 'ला हज्ज बिला तस्रीह'. परवान्याशिवाय हज नाही. मंत्र्याचं वक्तव्य हाही तस्रीह असतो हे मला आज इथे कळतंय.

गंमत म्हणजे विमानतळावर 'मी एवढे पैसे नेतेय' असं जे लिहून द्यायचं त्याला तिथे तस्रीह म्हणत नाहीत, 'इक़रार' म्हणतात. मी होते तेव्हा साठ हजार रियाल किंवा जास्त असले तर इक़रार भरावाच लागायचा. माझ्याकडे कधी तेवढे नव्हते, पण पाटी रोज वाचायचे.

शब्दखोदू

@नर्सबाई, हे देशागणिक बदलतं. ट्युनिशिया-मोरोक्कोकडे करविवरणपत्राला तस्रीह म्हणतात, इजिप्तमध्ये त्यालाच इक़रार. उलट इजिप्तमध्ये अंत्यविधीच्या परवान्याला 'तस्रीह अद-दफ़्न'. म्हणजे कैरोच्या माणसाला तस्रीह म्हटलं की एक कागद आठवणार आणि ट्यूनिसच्या माणसाला दुसराच. यू.ए.ई.त कामाचा परवाना 'तस्रीह अमल', सौदीत त्यालाच 'रुख़सत अमल'.

मोडीवाले काका

इक़रार आला म्हणून राहवलं नाही. आपल्या जुन्या कागदांत बोलण्या-सांगण्याचे असे किती अरबी शब्द आहेत! मजकूर म्हणजे 'ज़िक्र' झालेला, उल्लेखलेला. 'मौजे मजकूर' म्हणजे वर सांगितलेलं गाव. आता आपण कागदावर जे काही लिहिलंय त्या सगळ्यालाच मजकूर म्हणतो. दावा, जबाब, अर्ज, कैफियत, कबुली, सगळी मंडळी तिकडचीच.

माझा लाडका शब्द महजर. गोतसभा बसायची, वाद ऐकायची, निवाडा व्हायचा आणि हजर असलेल्यांच्या साक्षीनिशी कागद व्हायचा, तो महजर. हजर, हजेरी आणि महजर एकाच धातूचे. वतनाच्या भांडणांत पिढ्यानपिढ्या हे कागद जपलेले आहेत. मस्कतकर, तुमच्या इजिप्शियन मित्राला विचारा महजर म्हणजे काय.

मस्कतकर

काका, आत्ताच विचारलं. तो दचकून म्हणाला, "का, काय झालं? कुणाची चोरी झाली?" त्यांच्याकडे 'महदर' म्हणजे पोलिसात नोंदवलेली फिर्याद!

मोडीवाले काका

बघा! आमच्याकडे वतनाचा निवाडा, त्यांच्याकडे पाकीटमारीचा पंचनामा. आणि तक्रारीचं तर आणखी मजेशीर. अरबीत तकरार म्हणजे पुनरावृत्ती.

कुजकट

बरोबरच आहे. आमच्या सोसायटीच्या सभेला या एकदा. गळक्या टाकीची तक्रार २०१४ पासून पुनरावृत्त होतेय.

नवशिका

मी पण अरबी शिकतोय, तिसरा महिना. एक भाबडा प्रश्न. आपलं 'सर्रास' या सर्रहवरूनच आलं का? उघडउघड या अर्थाने?

शब्दखोदू

नाही हो. सर्रास फारसी 'सरासर'मधून. या टोकापासून त्या टोकापर्यंत. ध्वनी जवळचे म्हणून सर्रास व्युत्पत्त्या लावू नयेत. ह.घ्या. (हलके घ्या).

नवशिका

घेतलं :) मग आणखी एक. क्लासमध्ये मी वाचलं 'सरख़ अल-वज़ीर' आणि सर टेबलावर डोकं ठेवून हसत बसले. काय चुकलं सांगितलंच नाही.

शब्दखोदू

शेवटच्या ह ऐवजी ख़ म्हणालात, आणि मधला र दुप्पट केला नाहीत. 'सरख़' म्हणजे किंचाळला. मंत्री किंचाळले.

बोरूबहाद्दर

काही मंत्र्यांच्या बाबतीत हेच जास्त अचूक भाषांतर ठरेल.

दाभोळचा खलाशी

धागा वाचून गप्प बसणार होतो, पण किंचाळण्यावरून आठवलं. आमच्या घरातला तसरीह वेगळा आहे.

१९८०च्या दशकात अब्बा आखातात होते. आमच्या मोहल्ल्यातले निम्मे बाप्ये तेव्हा तिकडेच. बंदराच्या आतल्या भागात काम करायला वेगळा पास लागायचा, तो मिळाला की ओव्हरटाइम. अब्बा आणि त्यांच्यासोबतचे दहाजण त्या पासची वाट बघत होते. एक दिवस मुकादम ऑफिसातून आला (मुरब्ब्याच्या साच्यातला मुकादम, हो) आणि ओरडला, "अकरा जणांचा तसरीह आला रे!" त्याला अरबी कानावर पडेल तेवढंच यायचं.

कॅम्पात ईद झाली. अब्बांनी दाढी केली, पेटीतला नवा शर्ट काढला. पाससाठी फोटो लागतात म्हणून अकराच्या अकरा जण स्टुडिओत गेले. दुसऱ्या दिवशी फोटो खिशात घालून ऑफिसात रांगेत उभे. कारकुनाने फोटो घेतलेच नाहीत. प्रत्येकाला हिशेबाचा कागद आणि परतीचं तिकीट दिलं.

कारण तो तसरीह स्वादचा नव्हता, सीनचा, म्हणजे अरबीतल्या साध्या स चा होता. सीनने लिहिलं की तसरीह म्हणजे मोकळं करणं, सोडून देणं. कामगारांचा तसरीह म्हणजे कपात. फौजेतून सैनिक घरी पाठवतात तोही तोच. मदरशात हा शब्द आम्ही लहानपणीच वाचलेला, सूरा बक़रामध्ये तलाकच्या संदर्भात येतो : एक तर नीट नांदवा, नाहीतर भलेपणाने मोकळं करा. त्या 'मोकळं करा'ला तसरीह. अब्बा म्हणायचे, मला आयत माहीत होती, पण ती माझ्यासाठी आली आहे हे कळलं नाही.

तो फोटो आमच्या घरी अजून आहे. नव्या शर्टातला. इतके हसताना अब्बा दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाहीत.

नर्सबाई

काय लिहिलंय. काही बोलवेना.

थालीपीठ

+१. पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

कुजकट

एकात आत सोडतात, दुसऱ्यात बाहेर सोडतात. शब्द मात्र एकच ऐकू येतो.

खलाशीभाऊ, ही थट्टा नाही. माझाही नोकरीतला 'सीन' झालेला आहे दोनदा.

दाभोळचा खलाशी

अब्बा स्वतः हेच म्हणायचे हो. सीनने माझा सीन केला. वाईट नका वाटून घेऊ.

नवशिका

पण मग ऐकताना फरक ओळखायचा कसा? देवनागरीत तर दोन्ही सारखेच दिसतात.

दाभोळचा खलाशी

नुसत्या स कडे लक्ष दिलंत तर फसाल. शेजारचा स्वर ऐका. स्वाद म्हणताना जीभ मागे जाड होते, त्यामुळे आजूबाजूचा अ घशाकडे ओढला जातो, जवळजवळ 'ऑ'कडे झुकतो. सीनचा अ पातळ, पुढे, 'ॲ'च्या बाजूचा. आमचे उस्ताद सांगायचे, स्वाद तोंड भरून म्हणा आणि सीन ओठांवर म्हणा. छडी होती हातात, त्यामुळे लवकर जमलं.

जाता जाता : केस विंचरणं हेही सीनवालंच सर्रह. केशरचनेला तसरीहा. तेव्हा सलूनच्या पाटीवर तसरीहा दिसलं तर घाबरू नका, नोकरी जात नाही, केस मोकळे होतात.

रिकामटेकडा इतिहासकार

अवांतर, पण राजकारणात या शब्दांनी बरंच काही केलंय. २ नोव्हेंबर १९१७चं ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरचं पत्र, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं. आपण मराठीत त्याला बाल्फोर जाहीरनामा किंवा घोषणा म्हणतो. अरबीत तस्रीह बल्फ़ूर असंही म्हणतात, पण लोकांच्या तोंडी आहे ते 'वअ्द बल्फ़ूर'. वअ्द म्हणजे वचन. आपला वायदा त्यातलाच. घोषणा म्हटलं की कुणीतरी काहीतरी सांगितलं एवढंच होतं. वचन म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाची वस्तू कुणी कुणाला द्यायचं कबूल केलं?

दुसरं उदाहरण इजिप्तचं. २८ फेब्रुवारी १९२२ला ब्रिटनने एकतर्फी सांगून टाकलं की इजिप्त आता स्वतंत्र. मात्र दळणवळण, संरक्षण, परकीयांचे व अल्पसंख्याकांचे हितसंबंध आणि सुदान हे चार विषय स्वतःकडे राखून. इजिप्तच्या इतिहासात त्याचं नावच 'तस्रीह २८ फ़िब्रायिर'. दोघांनी सह्या केलेला करार नव्हताच तो, एकाचं बोलणं होतं. करार, म्हणजे 'मुआहदा', व्हायला १९३६ उजाडलं.

मोडीवाले काका

हे आवडलं. म्हणजे तस्रीहला समोरच्याची सही लागत नाही.

रिकामटेकडा इतिहासकार

अगदी. आणि 'बयान' आणखी वेगळं. ते आधी लिहिलेलं, मग वाचून दाखवलेलं. २३ जुलै १९५२च्या सकाळी कैरो रेडिओवरून सत्तापालट करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांचं जे पहिलं निवेदन वाचलं गेलं ते बयान. वाचणारे होते अन्वर सादात. तस्रीह पत्रकाराच्या माइकसमोर उभ्या उभ्या होतो, बयानला कागद लागतो.

शब्दखोदू

म्हणजे मराठीत जोड्या बऱ्याचशा जुळतात : बयान म्हणजे निवेदन, तस्रीह म्हणजे वक्तव्य, इअ्लान म्हणजे घोषणा किंवा जाहीरनामा. अरबीत जाहिरातीलाही इअ्लानच म्हणतात. मानवी हक्कांचा १९४८चा जाहीरनामा म्हणजे इअ्लान आणि साबणाची जाहिरात म्हणजेही इअ्लान. जाहीर आणि जाहिरात करून आपणही तेच केलं की!

आणि हो, अवांतराची परंपरा पाळून : याच धातूचा 'सर्ह' म्हणजे उंच इमारत, महाल. सुलेमानच्या काचेच्या महालाला क़ुरआनात सर्ह म्हटलंय. सबाची राणी जमिनीला पाणी समजून वस्त्र वर उचलते.

थालीपीठ

थांबा, ही तर मयसभा! दुर्योधन!

मोडीवाले काका

दुर्योधनाला कुणी 'बि-सराहा' सांगितलं असतं की ही फरशी आहे, तर महाभारत टळलं असतं.

आंबोळी

काका, टळला नसता. तो मेलो ऐकणारो नव्हतो.

मस्कतकर

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. खलाशीभाऊ, अब्बांना सलाम. पण आज गुरुवार. उद्या परत बातम्या टाकायच्या आहेत आणि त्यात दोन 'सर्रह' आहेत. वाक्यरचनेचंही कुणी सांगेल का? एका बातमीत मंत्री तीन आहेत आणि क्रियापद एकवचनी. छपाईची चूक?

शब्दखोदू

चूक नाही. क्रियापद कर्त्याच्या आधी आलं की ते एकवचनीच राहतं, कर्ते कितीही असोत. 'सर्रह अल-वुज़रा', मंत्र्यांनी सांगितलं. लिंग मात्र बघतं : मंत्रीणबाई असल्या तर 'सर्रहत'. आपला भावे प्रयोग त्याहून बेफिकीर, 'मंत्र्याने सांगितलं, मंत्र्यांनी सांगितलं, मंत्रीणबाईंनी सांगितलं'.

आणि 'की'साठी : 'क़ाल'नंतर 'इन्न' येतं, सर्रह, अअ्लन, अक्कद या सगळ्यांनंतर 'अन्न'. सर्रहला बहुतेक वेळा 'बि-अन्न'. वाचताना ऱ्हस्व स्वर लिहिलेले नसतात, त्यामुळे क़ाल दिसलं की इ, बाकी दिसलं की अ, एवढं लक्षात ठेवा.

बोरूबहाद्दर

आता मूळ प्रश्न, कारण धागा फारच भरकटला. मस्कतकर, रात्रभर विचार केला. नुसतं 'म्हणाले' हे माझं मत मी थोडं बदलतो. नेहमीच्या सर्रहला 'म्हणाले' किंवा 'पत्रकारांना सांगितले'. कागदोपत्री ठरलेल्या गोष्टीलाच 'जाहीर केले', इतर कशालाच नाही. पण तुमच्या मूळ बातमीसाठी, म्हणजे मंत्री पहिल्यांदा बोलले, विषय अभ्यासाधीन, अजून काही ठरलेलं नाही, त्याच्यासाठी मराठीत आयता शब्द आहे : सूतोवाच. 'शुल्क बदलण्याचे मंत्र्यांनी सूतोवाच केले.' एकाही आईचं तिकीट रद्द होणार नाही.

मोडीवाले काका

वा! फक्त संधीनियमाने ते 'सूत उवाच' राहायला हवं, सूतोवाच नव्हे.

बोरूबहाद्दर

काका, डेस्कवर असतात तर तुमच्याशी रोज भांडलो असतो.

मस्कतकर

शुक्रवारचा वृत्तांत. बातम्या टाकल्या. पहिल्या सर्रहला 'पत्रकारांना सांगितले' लिहिलं, दुसऱ्याला 'सूतोवाच केले'. दिवसभर फोन शांत. घाबरून तिकीट रद्द करणारं कुणी नाही.

रात्री साडेनऊला मंडळाच्या अध्यक्षांचा एकच फोन आला. "बातमी वाचली. चांगली आहे. पण हे सूत कोण? नवीन मंत्री आलेत का?"